रक्तदाबाचा आंकडा आणि त्याचा अर्थ

सकाळचा चहा होण्यापूर्वीं दंडाला पट्टा गुंडाळून, टेबलावरच्या लहानशा यंत्राची कळ दाबून, पट्टा फुगण्याची व पुन्हां सैल होण्याची वाट पाहत बसलेले गृहस्थ आज आपल्याकडे पुष्कळ घरांत दिसतात. यंत्र दोन आंकडे दाखवितें. ते एका वहींत उतरून घेतले जातात. आणि त्या दिवशींच्या ताटांत लोणचें वाढावयाचें कीं नाहीं याचा निकाल बहुधा त्यांवरून लागतो. हा व्यवहार इतका अंगवळणीं पडला आहे कीं, हे आंकडे कशाचे, ते प्रथम कोणीं व किती सायासानें मिळविले, आणि मिळाल्यावरहि त्यांचा अर्थ कळावयास किती काळ गेला, हे प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहींत. वास्तविक हा इतिहास मोठा बोधप्रद आहे. मोजणें आणि समजणें या दोन निरनिराळ्या क्रिया असून, पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधते असें नाहीं, ही गोष्ट त्यांत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

मनगटावर बोटें ठेवून देहाच्या आंतील स्थिति ओळखण्याची विद्या फार जुनी आहे. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेंत नाडीच्या गतींचें वर्णन आलेलें आहे: वाताची नाडी जळू आणि सर्प यांप्रमाणें चालते, पित्ताची कावळा आणि बेडूक यांप्रमाणें, व कफाची हंस आणि पारवा यांप्रमाणें. उपमा मार्मिक आहेत, आणि अनुभवी वैद्याच्या बोटांना त्यांवरून पुष्कळ उमगतहि असेल. परंतु एकाच्या बोटांना जें कळलें तें दुसऱ्याच्या बोटांना जसेंच्या तसें सांगतां येत नाहीं. एका वैद्याला जी नाडी कठीण लागते ती दुसऱ्याला मध्यम वाटूं शकते. आणि आजची नाडी गेल्या वर्षींच्या नाडीशीं ताडून पाहावयास स्मरणावांचून दुसरें साधन नसतें. युरोपांतील स्थिति याहून निराळी नव्हती. रक्त हें हृदयांतून धमन्यांवाटे निघून शिरांवाटे पुन्हां हृदयांत येतें, हें विल्यम हार्वेनें १६२८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सिद्ध केलें. रक्त फिरतें म्हटल्यावर तें कोणत्या तरी जोरानें ढकललें जात असलें पाहिजे, हें ओघानेंच आलें. पण तो जोर किती, हें सांगणारा मनुष्य निघावयास आणखी शंभर वर्षें लागलीं.

तो मनुष्य वैद्य नव्हता, धर्मोपदेशक होता. लंडनजवळ थेम्स नदीच्या कांठीं टेडिंग्टन नांवाचें गांव आहे. तेथील पाद्री स्टीफन हेल्स याला सृष्टींतील वस्तु तोलून-मोजून पाहण्याची विलक्षण हौस होती. झाडें मुळांवाटे पाणी किती जोरानें ओढतात हें त्यानें मोजलें, आणि प्राण्यांच्या रक्ताकडेहि तीच दृष्टि वळविली. १७३३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांतील पहिला प्रयोग वाचतांना आजहि अंगावर कांटा येतो. कामाला निरुपयोगी झाल्यामुळें जिला मारूनच टाकावयाचें होतें अशी एक घोडी त्यानें उताणी पाडून बांधली. तिच्या मांडीची धमनी उघडून तींत पितळेची बारीक नळी बसविली, आणि तिला नऊ फूट लांबीची कांचेची नळी उभी जोडली. धमनीवरचा बंध सोडतांच रक्त कांचेंतून वर चढूं लागलें, आणि हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंच उंचीपर्यंत गेलें. तेथेंहि तें स्वस्थ राहिलें नाहीं. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशीं कांहीं इंच वर-खालीं होत राहिलें. रक्ताचा दाब मनुष्याच्या डोळ्यांना प्रथम दिसला तो असा. त्यानंतर हेल्सनें थोडथोडें रक्त काढून घेतलें, आणि नळींतील उंची कसकशी उतरत जाते हें त्या मुक्या जनावराचा प्राण जाईपर्यंत टिपून ठेवलें. शेजारच्या ट्विकनॅम गांवीं राहणारा प्रसिद्ध कवि अलेक्झांडर पोप हा हेल्सचा स्नेही; त्याला हेल्सच्या स्वभावाविषयीं आदर होता, पण त्याचे असले प्रयोग मुळींच रुचत नसत.

कवीचा आक्षेप करुणेचा होता. वैद्याच्या दृष्टीनें अडचण निराळीच होती. नऊ फुटांची नळी घेऊन रोग्याच्या खाटेपाशीं कोण जाणार? आणि जिवंत मनुष्य आपली धमनी कापूं कसा देणार? या दोन अडचणींपैकीं पहिली पाऱ्यानें दूर केली. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून अधिक जड असल्यामुळें, रक्ताचा जो स्तंभ कित्येक फूट चढतो त्याच्या तोलाचा पाऱ्याचा स्तंभ वीतभरांत मावतो. पॅरिस येथील प्वाझय नांवाच्या तरुणानें १८२८ मध्यें आपल्या प्रबंधासाठीं इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पाऱ्याची नळी योजिली, व रक्त गोठूं नये म्हणून जोडनळींत क्षाराचें पाणी भरलें. रक्तदाब एकशेंवीस आहे असें आज आपण म्हणतों तेव्हां १२० मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरील इतका तो आहे, असा त्याचा अर्थ असतो. तोच हेल्सच्या नळीनें मोजला तर रक्त सुमारें पांच फूट चढेल.

१८४७ मध्यें जर्मनींतील कार्ल लुडविग यानें पाऱ्यावर एक तरंगती काडी ठेवून तिला लेखणी जोडली, आणि ती फिरत्या नळकांड्यावरील कागदाला टेंकविली. त्यामुळें दाब कोणत्या क्षणीं वाढला व कोणत्या क्षणीं उतरला, हें कागदावर रेघेच्या रूपानें उमटूं लागलें. मनुष्याच्या देहांतील दाब प्रत्यक्ष मोजण्याचा प्रसंग १८५६ मध्यें आला. फेव्र नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें, अवयव कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं जी धमनी उघडी पडणारच होती तिच्यांत नळी घालून दाब पाहिला. मांडीच्या धमनींत तो १२० मिलिमीटर भरला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळालेला हा आंकडा आजच्या घरगुती यंत्रावर दिसणाऱ्या आंकड्याशीं इतका जुळावा, याचें कौतुक वाटतें.

दुसरी अडचण, म्हणजे धमनी न कापतां दाब जाणण्याची, मात्र अद्याप तशीच होती. मनगटावर तरफ बसवून नाडीची रेघ काढणारीं यंत्रें १८५५ ते १८६० च्या दरम्यान निघालीं, आणि त्यांचा सर्वांत बुद्धिपुरस्सर उपयोग करणाऱ्यांपैकीं एकाचें स्मरण आपल्याला विशेष अगत्याचें वाटावें. पाटण्याचा दीन महंमद नांवाचा गृहस्थ कंपनीच्या लष्करांतून आयर्लंडला व पुढें इंग्लंडला गेला, त्यानें १७९४ मध्यें इंग्रजींत आपलें प्रवासवृत्त छापलें, आणि ब्रायटन येथें चंपी व वाफेच्या स्नानाचा व्यवसाय करून नांव मिळविलें. त्याचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद हा लंडनच्या गाइज रुग्णालयांत डॉक्टर होता. मूत्रपिंडें बिघडलेल्या रोग्याचें हृदय मोठें झालेलें आढळतें, हें त्याच रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट यानें १८३६ मध्यें नमूद केलें होतें. १८७० नंतरच्या दशकांत महंमदानें दाखविलें कीं, कित्येकांच्या बाबतींत नाडीचा ताण आधीं वाढतो व मूत्रपिंडाचीं लक्षणें मागाहून येतात. इतकेंच नव्हे तर ज्यांचीं मूत्रपिंडें निरोगी दिसतात अशा हिंडत्या-फिरत्या माणसांतहि हा ताण आढळतो. १८८४ मध्यें वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं तो विषमज्वरानें वारला. त्याच्या हातीं भरंवशाचा आंकडा नव्हता. कागदावरची नागमोडी रेघ होती. तरीहि त्याला जें दिसलें, तें पुढें आंकडा हातीं असलेल्या पुष्कळांना दीर्घकाळ दिसलें नाहीं.

तो आंकडा मिळण्याची युक्ति तत्त्वतः सोपी होती. धमनीला बाहेरून दाबीत जावें. ज्या दाबाला तिच्यांतील प्रवाह थांबेल तोच तिच्या आंतील दाब समजावा. व्हिएन्ना येथील फॉन बाश यानें १८८१ च्या सुमारास पाण्यानें भरलेली रबरी पिशवी मनगटावर दाबून हें साधण्याचा यत्न केला. परंतु युक्तीला सुटसुटीत रूप दिलें तें ट्यूरिन येथील शिपिओने रिवा-रोची यानें, १८९६ मध्यें. त्यानें मनगट सोडून दंड घेतला, आणि सायकलच्या चाकांतील रबरी नळीसारखी नळी त्याभोंवतीं गुंडाळून तिच्यांत हवा भरली. मनगटाची नाडी ज्या क्षणीं बंद पडे, त्या क्षणींची पाऱ्याची उंची तो वाचीत असे. रोग्याचें मन अस्वस्थ असलें तर दाब चढतो, हेंहि त्यानें तेव्हांच लिहून ठेवलें. १९०१ मध्यें अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग हा पाव्हिया येथें गेला असतां त्यानें हें यंत्र पाहिलें व तें बरोबर घेऊन तो स्वदेशीं परतला. त्याच वर्षीं फॉन रेकलिंगहौझेन यानें दाखविलें कीं, अरुंद पट्ट्यानें दाब फाजील दिसतो, पट्टा रुंद असावयास पाहिजे. तथापि नव्या यंत्राचें स्वागत सर्वत्र झालें नाहीं. बोस्टन येथील शस्त्रवैद्यांनीं तर विचारांतीं असा अभिप्राय दिला कीं, नित्याच्या कामांत त्याची जरूर दिसत नाहीं; शिकलेल्या बोटांवर त्यांचा विश्वास अधिक होता.

शेवटची पायरी एका रशियन डॉक्टरानें बांधली. निकोलाय कोरोत्कोव्ह हा रशिया-जपान युद्धांत मांचूरियांतील हार्बिन येथें जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत होता. गोळी लागून फुटलेली धमनी बांधली तर खालचा हात किंवा पाय जिवंत राहील कीं नाहीं, हा तेथील रोजचा प्रश्न. त्याचें उत्तर शोधतांना त्याला धमन्यांवर कानाची नळी लावून ऐकण्याची संवय लागली. १९०५ च्या नोव्हेंबरांत सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यक विद्यालयांत त्यानें एक टिपण वाचलें. छापल्यावर तें एक पानहि भरलें नाहीं. त्यांतील आशय असा: पट्टा फुगवून दंडाची धमनी पूर्ण दाबली म्हणजे कोपराच्या खोबणींत कांहीं ऐकूं येत नाहीं. हवा सोडूं लागतांच ज्या उंचीवर पहिला ठोका ऐकूं येतो तो हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा, म्हणजे वरचा दाब. आणि ज्या उंचीवर आवाज नाहींसा होतो तो हृदय विसावतांनाचा, म्हणजे खालचा दाब. रिवा-रोचीला वरचाच आंकडा मिळाला होता. आतां दोन्हीं हातीं आले, तेहि रक्ताचा एक थेंब न सांडतां. हेल्सच्या ग्रंथापासून इथपर्यंत एकशेंबहात्तर वर्षें लागलीं.

मोजण्याचा प्रश्न असा सुटला. समजण्याचा प्रश्न अधिक बिकट निघाला, आणि तो कां, हें कळण्यासाठीं देह हा दाब कसा सांभाळतो तें पाहिलें पाहिजे. बागेला पाणी घालतांना रबरी नळींतील जोर दोन गोष्टींवर अवलंबून असतो: नळ किती सोडला आहे, आणि नळीचें तोंड बोटानें किती आवळलें आहे. देहांत नळाचें काम हृदय करतें, आणि बोटाचें काम सूक्ष्म धमन्यांच्या भिंतींतील स्नायु करतात. हे स्नायु मज्जातंतूंच्या हुकुमांत आहेत, हें क्लोद बेर्नार यानें १८५१ पासून सशाच्या कानावर केलेल्या प्रयोगांनीं उघड केलें. १८६६ मध्यें लुडविग व त्सियोन यांनीं हृदयाजवळून मेंदूकडे जाणारा एक असा तंतु शोधला कीं, तो चेतविला असतां दाब खालीं येतो. आणि १९२० नंतरच्या दशकांत हेरिंग यानें मानेंतील मोठ्या धमनीच्या फुगवट्यांत अशीच दुसरी चौकी दाखवून दिली. अंथरुणांतून एकदम उठलों तर रक्त पायांकडे ओघळतें, या चौक्यांवरील ताण कमी होतो, तशी मेंदूला वर्दी जाते. हृदय जलद चालूं लागतें, धमन्या आवळतात, आणि आपल्याला घेरी येत नाहीं. हें काम कांहीं क्षणांचें. महिनोन् महिने चालणारा कारभार मूत्रपिंडांकडे आहे. तीं मीठ व पाणी किती राखावयाचें हें ठरवितात, आणि त्यांतून एक द्रव्य रक्तांत सुटतें. स्टॉकहोम येथील टिगरश्टेट व बेर्गमन यांनीं १८९८ मध्यें सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोंचून त्याचा दाब चढतो हें पाहिलें, व त्या द्रव्याला रेनिन हें नांव दिलें. हा शोध जवळजवळ विस्मृतींत गेला होता. १९३४ मध्यें क्लीव्हलंड येथील गोल्डब्लाट यानें कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमन्या चिमट्यानें अर्धवट आवळल्या, तेव्हां त्यांचा दाब चढला आणि चढलेलाच राहिला. त्या प्रयोगानें रेनिनला पुन्हां महत्त्व आलें.

एवढी दक्ष व्यवस्था पाहून डॉक्टरांनीं एक अनुमान काढलें, आणि वरकरणी तें चुकीचें म्हणतां येत नाहीं. देह जर दाबावर इतकी नजर ठेवतो, तर एखाद्याचा दाब देहानेंच वाढविला असेल तो कांहीं कारणानें वाढविला असेल. धमन्या जून व अरुंद झाल्या, तेव्हां त्यांतून रक्त पुढें ढकलावयास जोर अधिक नको काय? अशा निष्कारण दिसणाऱ्या उच्च दाबाला १९११ मध्यें जर्मन वैद्यकांत जें नांव मिळालें, त्याचा इंग्रजी अवतार ‘इसेन्शियल’ असा झाला. मूळ अभिप्राय ‘ज्याचें बाह्य कारण सांपडत नाहीं तो’ एवढाच होता. पण त्या शब्दाचा दुसरा अर्थ ‘आवश्यक’ असाहि होतो, आणि पुष्कळांच्या मनांत तो रुजला. १९३१ मध्येंहि नामांकित हृदयवैद्य असें लिहीत होते कीं, उच्च दाब ही कदाचित् देहानें केलेली भरपाई असेल, तिला हात लावूं नये. गंमत अशी कीं, विमा कंपन्यांना अशी शंका शिवली नाहीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतच अमेरिकेंतील विमेवाल्यांनीं अर्जदारांचे दाब मोजण्यास आरंभ केला होता, व ज्यांचा आंकडा मोठा ते लौकर मरतात हें त्यांच्या खतावण्यांत उमटलें होतें. ज्यांना केवळ पैशाचा हिशेब पाहावयाचा होता त्यांना जें दिसलें, तें रोग बरा करणाऱ्यांना पटावयास आणखी एक पिढी जावी लागली.

त्या पिढींतील एक रोगी साऱ्या जगाला ठाऊक आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब १९३७ मध्यें १६२ व ९८ होता. १९४१ मध्यें तो १८८ व १०५ झाला. १९४४ च्या मार्चांत तरुण हृदयवैद्य हॉवर्ड ब्रुएन यानें त्यांना तपासलें तेव्हां तो १८६ व १०८ असून हृदय थकत चाललें होतें. ब्रुएननें विश्रांति, मीठ कमी करणें, सिगारेटी कमी करणें व डिजिटालिस एवढेच उपाय सुचविले. त्याच्या पोतडींत दुसरें फारसें नव्हतेंच. अध्यक्षांचे खासगी वैद्य मात्र वयाच्या मानानें प्रकृति उत्तम असल्याचें लोकांना सांगत राहिले, आणि त्याच वर्षीं रूझवेल्ट चौथ्यांदां निवडून आले. १९४५ च्या फेब्रुवारींत, याल्टा येथें महायुद्धानंतरच्या जगाची वांटणी ठरत असतां, त्यांचा दाब २६० व १५० पर्यंत गेला होता. १२ एप्रिल १९४५ रोजीं वॉर्म स्प्रिंग्ज येथें त्यांचें डोकें एकाएकीं असह्य दुखूं लागलें व ते बेशुद्ध झाले. त्या वेळीं दाब ३०० व १९० भरला. मेंदूंत रक्तस्राव होऊन कांहीं तासांतच त्यांचा अंत झाला. येथें मोजण्यांत कसूर झाली नव्हती. आंकडे वेळच्या वेळीं लिहिले गेले होते. ते काय सांगत आहेत, हें ऐकण्याची तयारी नव्हती.

ती तयारी पुढील वीस वर्षांत झाली. १९४८ मध्यें मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील फ्रॅमिंगहॅम या गांवीं ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षें पाहणी करण्यास आरंभ झाला. दाब वाढलेला मनुष्य आज ठणठणीत दिसला तरी त्याला हृद्रोग व पक्षाघात यांचें भय अधिक असतें, हें तींतून निःसंशय ठरलें. १९५६ मध्यें क्लीव्हलंड येथील संशोधकांनीं जुन्या अनुमानांतील चूक दाखवून दिली. दाब बराच काळ चढलेला राहिला म्हणजे मानेंतील चौकी त्यालाच स्वाभाविक मानूं लागते, व पुढें त्या चढलेल्या दाबाचेंच रक्षण करते. देह एखादी स्थिति राखतो एवढ्यावरून ती हितकर ठरत नाहीं. पहारेकऱ्याचीच समजूत बदललेली असते.

औषधाच्या शोधांत मुंबईचाहि वांटा आहे. सर्पगंधेची मुळी वेड व उच्च रक्तदाब यांवर गुणकारी असल्याचें कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ मध्यें लिहिलें होतें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं ती रोग्यांना देऊन दाबाचे आंकडे पद्धतशीर नोंदले, आणि १९४९ मध्यें ब्रिटिश हृदयवैद्यकाच्या नियतकालिकांत त्यांचा लेख प्रसिद्ध झाला; तेव्हां पश्चिमेकडील संशोधक या मुळीकडे वळले. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतून रेसर्पिन निराळें काढण्यांत आलें. कांहीं रोग्यांचें मन त्यानें फार खिन्न होतें असें आढळल्यामुळें पुढें त्याची जागा इतर औषधांनीं घेतली. १९६७ मध्यें अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अतिशय उच्च दाबाच्या १४३ रोग्यांवर झालेल्या परीक्षेनें जुना वाद मिटविला: औषध घेणाऱ्यांत गंभीर उपद्रव क्वचित् झाले, तर औषधाचा केवळ देखावा दिलेल्यांत वारंवार झाले. आवश्यक म्हणविणारा दाब आवश्यक नव्हता.

आतां पाऱ्याचेंहि युग संपत आलें आहे. पारा विषारी असल्यामुळें त्याचा वापर कमी करण्याविषयीं २०१३ मध्यें आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि दवाखान्यांतून तो रुपेरी स्तंभ हळूहळू नाहींसा होत आहे. घरगुती यंत्र ठोका ऐकतहि नाहीं. पट्ट्यांतील हवेला बसणाऱ्या हिसक्यांवरून तें हिशेब करतें. तरी आंकडा अजून पाऱ्याच्या मिलिमीटरांतच वाचला जातो. यंत्र बदललें, तशी रिवा-रोचीनें सांगितलेली गोष्ट बदललेली नाहीं: पांच मिनिटें स्वस्थ बसावें, पाठ टेंकलेली असावी, हात हृदयाच्या पातळीवर असावा, आणि त्या वेळीं कोणाशीं वादविवाद करूं नये.

सकाळीं वहींत आंकडे उतरणाऱ्या गृहस्थांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, ती वही अधूनमधून जाणत्या डॉक्टरापुढें उघडावी. एका दिवसाचा आंकडा फारसें सांगत नाहीं. महिन्याची ओळ पुष्कळ सांगते. दाब चढलेला असतां बहुधा कांहींच दुखत नाहीं, म्हणूनच तो वहींतच राहून जाण्याचा धोका असतो. रूझवेल्ट यांचेहि आंकडे वहींत होतेच. त्यांच्या वैद्यांजवळ त्यांवर फारसें औषध नव्हतें. आपल्याजवळ तें आहे, आणि म्हणून आपली सबब त्यांच्याहून पुष्कळ लंगडी ठरेल.